हसलं की कागद रद्द

माझी बायको रेणुका गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी कॅमेऱ्याची बॅग उचलायला गेलो आणि बॅग जागची हलली नाही.

मला वाटलं, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणीतरी आत तांदूळ भरून ठेवलेत. चेन उघडली तर सगळं माझंच होतं. दोन बॉडी, चार लेन्स, फ्लॅश, चार्जर, बाजूला बांधलेला स्टँड. दोन्ही हातांनी फरफटत शेजारच्या किराणा दुकानात नेली आणि काट्यावर ठेवली. साडेनऊ किलो.

"हरभरा हाय का काका?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाई," म्हटलं, "कला हाय."

लोह्यात माझा बत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या हातात मोबाईल आले तसा तो बंद पडला. मग मी निवृत्त कलावंत झालो, म्हणजे सकाळी उठून लिंबोटी धरणावर पक्ष्यांचे फोटो काढायला जाऊ लागलो. मोटारसायकल लावून पुढं दीड किलोमीटर चालायचं. मी पुढं, मान वर, नजर आभाळात. मागं रेणुका, बॅग घेऊन. अशी सात-आठ वर्षं. कुणी विचारलं, साहेबराव, ह्या वयात एवढं वजन झेपतं का, तर मी सांगायचो, सवय झाली. ते खोटं नव्हतं. सवय झालीच होती. फक्त तिला.

नांदेडच्या डॉक्टरनं एक्स-रे बघून सांगितलं, मानेचे मणके झिजलेत, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. "इतकी वर्षं कसं उचलत होतात?" त्यानं विचारलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत बसलो.

मग पुण्याहून माझ्या मुलानं, आदर्शनं, एक कॅमेरा पाठवून दिला. आंघोळीच्या साबणाएवढा. गळ्यात घालायचा पट्टा नाही, बॅग नाही, बटण दाबलं तर आवाजही नाही. मी त्याला फोन लावला.

"ह्याला चावी कुठून द्यायची?"

"बाबा, वापरून तर बघा."

"वापरतो. तुझ्या पोराला खेळणी कमी पडली तर सांग, परत पाठवतो."

आठ दिवस ती साबणाची वडी टीव्हीशेजारी पडून होती. नवव्या दिवशी दूध आणायला निघालो तेव्हा खिशात टाकली. आदर्शचा फोन आला तर "वापरला" म्हणता यावं, एवढ्यासाठीच. दोन तासांनी घरी आलो तेव्हा दूध आणायचं राहून गेलं होतं आणि कॅमेऱ्यात साठ फोटो होते.

मजा आली. बायको जाऊन चार महिने झालेल्या माणसाला मजा येऊ नये, असा नियम आहे. मला समजवायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ होता. तरी आली. मोठा कॅमेरा काढला की आमच्या बाजारात माणसं शर्ट नीट करायची. म्हातारे टोपी सरळ करायचे. न्हावी वस्तरा वर धरून माझ्याकडं बघत उभा राहायचा आणि खालचं गिऱ्हाईक मान वर करून देवाला आठवायचं. ह्या वडीकडं कुणी ढुंकून बघेना. रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेली बाई आणि ट्रकवाला भांडत होते. मी तीन हातांच्या अंतरावर उभा होतो तरी त्यांनी भांडण थांबवलं नाही. बसस्टँडवर एक कंडक्टर बसल्या जागी झोपला होता आणि त्याच्या तिकिटाच्या मशीनवर चिमणी बसली होती. लिंबोटीला असल्या एका पाखरासाठी मी तीन तास चिखलात बसायचो आणि रेणुका माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी राहायची. इथं चिमणी फुकट होती आणि सावलीत होती.

बत्तीस वर्षं लोकांचे फोटो काढले, पण माणसं मला आत्ता दिसायला लागली. उशीर झाला म्हणा.

एक फोटो मात्र राहिला होता.

रेणुकाला आयुष्यभर माझ्याकडून एकच फोटो हवा होता, तोही स्वतःचा नव्हे. तिच्या आईचा, हसताना. तिची आई नागुबाई. मी त्यांना मामी म्हणतो. जळकोटला धाकट्या मुलाकडं, नागसेनकडं राहतात. वय चौऱ्याऐंशी. एरवी दिवसभर हसतात. सुनेला हसतात, कोंबड्यांना हसतात, नागसेननं केस काळे केले की आठवडाभर हसतात. पण कॅमेरा दिसला की संपलं. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, डोळे मोठे आणि श्वास रोखलेला. कॅमेऱ्याचा खट् आवाज आला की मगच श्वास सोडायचा.

त्याला कारण आहे. त्यांचा पहिला फोटो कुठल्याशा सरकारी कागदासाठी निघाला होता. तिथला माणूस खेकसला, "ए बाई, हलू नको, हसू नको. हसलं की कागद रद्द." तो माणूस कधीच मरून गेला असेल, पण त्याचा हुकूम चालू आहे. माझ्याकडं मामींचे अकरा फोटो आहेत. अकराही पेन्शनला चालतील.

"आवो, माझ्या मायचा एक हसता फोटो काढा की," रेणुका म्हणायची.

"तिला हसाय सांग, मी काढतो."

"सांगून हसतंय व्हय कुनी? ती तोफ बाजूला ठिवा, मग हासंल."

"तोफ बाजूला ठिवून फोटो कशानं काढू? तोंडानं?"

हे दरवर्षी व्हायचं. शेवटी मी म्हणायचो, पुढच्या वेळी बघू. एका सकाळी चहा गाळता गाळता रेणुका खाली बसली आणि पुढची वेळ संपली.

ती जाऊन दहा महिने झाले तेव्हा नागसेनचा फोन आला. त्याच्या मुलीचं, मनिषाचं लग्न ठरलं होतं.

"दाजी, तुमी दोन दिवस आधी या. आन् कॅमेरा घेऊन या."

"आणतो की. खिशात मावतो आता."

"तसला न्हाई. मोठा. मी पाव्हण्यांला सांगून ठिवलंय, आमचे दाजी लई मोठे फोटोग्राफर हायत म्हनून. आन् तुमी खिशातून साबन काढला तर माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

"फोटोला लातूरची पार्टी हाय म्हणलास ना?"

"हाय की. ड्रोन हाय, क्रेन हाय. फोटो ते काढतेत. तुमी फकस्त कॅमेरा घेऊन ऱ्हावा."

म्हणजे नवरीनं दागिने घालायचे आणि मी कॅमेरा. मी हो म्हटलं. कारण लग्नात मामी दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असणार होत्या, आणि मला त्या एका फोटोशिवाय तिथं दुसरं काही काम नव्हतं.

दोन किलोच्या आत मोठा कॅमेरा कसा न्यायचा, ह्याचं उत्तर कपाटातच होतं. माझी एक जुनी लांबलचक लेन्स. आत बुरशी धरली म्हणून नांदेडच्या दुरुस्तीवाल्यानं ती भंगार सांगून परत दिली होती. तरी मी ती पूजेला ठेवावी तशी कपाटात ठेवली होती. चार वर्षांपूर्वी एक दिवस बाहेरून आलो, तर रेणुका फतकल मारून बसलेली, हातात माझा बारका स्क्रू ड्रायव्हर, आणि लेन्समधली सगळी भिंगं ताटात काढून डाळीसारखी निवडत होती.

"सुईत दोरा ओवाय पायजे होतं," ती म्हणाली. "एवढ्यातलं एकच साफ निघालं बघा."

मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे तिच्यासमोर जेवलो नाही.

ती पोकळ नळी मी एका बिघडलेल्या बॉडीला बसवली. बॅटरी तशीही निकामी होती, तीही काढली. रुंद पट्टा लावला आणि किराणा दुकानात काट्यावर ठेवली. सव्वा किलो.

"आज कला कमी भरली काका," दुकानदार म्हणाला.

खरा कॅमेरा शर्टाच्या खिशात टाकला आणि एसटीनं कंधार, जांब करत जळकोटला गेलो.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात नळी गळ्यात घालून शिरलो आणि काय सांगू, वाट मोकळी होत गेली. नागसेननं मला नवरदेवाच्या थोरल्या काकांपुढं नेऊन उभं केलं. काकांनी आधी नळीला हात जोडले, मग मला.

"लई मोठी लेन्स हाय तुमची."

"दिसती तेवढी न्हाई," मी म्हटलं.

"बघा," काका नागसेनला म्हणाले, "खरा कलावंत असाच नम्र असतो."

त्रिशरण, पंचशील झालं, फुलं पडली, आणि घोळके माझ्यापुढं येऊन उभे राहू लागले. मी डोळा लावत होतो, बोट दाबत होतो, "थोडं जवळ या" म्हणत होतो. बँड वाजत असल्यामुळं खट् आवाज आला की नाही हे कुणाला कळत नव्हतं. फक्त लातूरच्या पार्टीचा मालक गुरुलिंग, तीस-पस्तिशीचा गडी, जवळ आला आणि त्यानं नळीत वाकून बघितलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "ह्यात काचच न्हाई की."

"मला म्हाईत हाय."

"मग फोटो?"

"फोटो त्यांना तू देणार हायस. माझ्याकडून त्यांना कॅमेरा पायजे."

तो आणखी जवळ सरकला. मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "आमच्या क्रेनवरचा कॅमेरा सकाळपासून बंद हाय काका. आमी नुसती क्रेन फिरवून राहिलो."

त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी फार आदरानं वागलो.

सगळं छान चाललं होतं, मी ज्या कामाला आलो होतो ते सोडून. मामी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, तोंडाला पदर, शेजारच्या बाईच्या कानात काहीतरी सांगून खुदुखुदु हसणं चालू. खिशातला कॅमेरा मुठीत घेऊन मी पाच पावलांवर गेलो. मामींची नजर माझ्या गळ्यावर पडली. हात गुडघ्यांवर. पाठ ताठ. श्वास बंद.

मी मागं फिरलो, नळी काढून एका खुर्चीखाली सरकवली आणि दुसऱ्या बाजूनं गेलो. मामी पुन्हा हसायला लागल्या होत्या. तेवढ्यात नागसेन धावत आला.

"दाजी, कॅमेरा खाली कशाला ठिवला? पाव्हणे इचारून राहिले, फोटोग्राफर रुसले का म्हनून."

आणि त्यानं हार घालावा तसा तो स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातला. घराण्याची इज्जत वाचली. मामींचे हात पुन्हा गुडघ्यांवर गेले.

असं तीनदा झालं. दहा महिन्यांत मामी वाळल्या होत्या. खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागत होती. मनात आलं, राहू दे, पुढच्या वेळी. पण तो शब्द मी आधी वापरून बघितला होता.

पंगती बसल्या तसा मांडव रिकामा झाला. बँडवालेही जेवायला गेले. मामींना ताट जागेवरच आणून दिलं होतं. मी शेजारच्या खुर्चीत बसलो.

"जेवलात का जावई?"

"जेवतो मामी."

"रेनू असती तर तुमचं ताट घेऊन मागं मागं हिंडली असती."

"हाव. आन् बॅग पण."

मामींनी ताट पुढं ओढलं. चार घास खाल्ले, ताट बाजूला ठेवलं, पदर सारखा केला.

"काढा बाबा एकदाचा. सकाळपासून बघून राहिले, सगळ्यांचे काढलात, माझ्यापाशी येता आन् माघारी जाता. रेनूचा लई धोशा असायचा. काढा."

हात गुडघ्यांवर गेले. आता काय सांगणार? मी नळी डोळ्याला लावली, बोट दाबलं आणि खाली घेतली.

"झालं मामी."

मामी हलल्या नाहीत. डोळे मोठे, छाती फुगलेली.

"झालं म्हणलं की."

त्यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून. मग ओठ न उघडता म्हणाल्या, "आवाज न्हाई आला."

"आवाजाचं काय नसतं मामी. श्वास सोडा."

पुन्हा मान हलली. मी बोट पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, नळीला चापट मारून बघितली. बॅटरी लोह्याला होती. मामींचे गाल थरथरायला लागले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, नातीच्या लग्नात, न येणाऱ्या आवाजासाठी श्वास रोखून बसली होती आणि सोडायला तयार नव्हती. हिच्या लेकीनं माझं साडेनऊ किलो ओझं वाहिलं, आणि आता आईला मी सव्वा किलोत मारतोय, एवढंच मला सुचलं.

"मामी, कॅमेरा पोकळ हाय! काय न्हाई ह्यात! रिकामा हाय! सोडा श्वास!"

श्वास सुटला. मामी खुर्चीत मागं टेकल्या. "पोकळ म्हंजी?"

मी नळी फिरवून काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, आत बोट घातलं, मग मनगटापर्यंत हात घातला. हात दुसऱ्या बाजूनं निघाला.

"ह्यातली काच कुठं गेली?"

"तुमच्या लेकीनं काढली."

"कशाला?"

"सुईत दोरा ओवायला."

मामी नळीकडं बघत राहिल्या. "तुमाला इचारून?"

"छे. मी बाहेर गेलो होतो."

"आन् मग तुमी?"

"दोन दिवस जेवलो न्हाई."

"आगं बया!" मामींनी मांडीवर हात मारला. "ते ह्याच्यावरून व्हय? रेनू म्हनली होती मला फोनवर. माय, म्हनली, तुझे जावई कशावरून तरी रुसलेत, माझ्यासमोर जेवंनात, आन् टोपल्यातल्या भाकरी कमी हून राहिल्या. म्हनून दोन जास्तीच्या थापून झाकून ठिवायले, म्हनली. उपाशी ऱ्हायला नगं म्हाताऱ्यानं."

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी समजत होतो की मी तिला फसवलं.

"चोरून खात होता व्हय!" मामी म्हणाल्या आणि त्यांनी नळी उचलून एका डोळ्याला लावली, दुसरा डोळा मिटला आणि त्या नळीतून माझ्याकडं बघितलं. "बघू, चोर कसा दिसतो!"

आणि त्या हसल्या. पदर बिदर काही लावला नाही. मी खिशातून वडी काढली होती की ती आधीच हातात होती, ते आठवत नाही. मला त्या वेळी नीट दिसत नव्हतं, म्हणून अंदाजानंच बटण दाबलं.

फोटो वाकडा आला. कोपऱ्यात उष्टं ताट आलंय, हनुवटीला भाताचं शीत आहे, तोंडात दोनच दात. हसताना मामींचा खालचा ओठ डावीकडं जातो. रेणुकाचाही जायचा. माझ्याकडं रेणुकाचे पुष्कळ फोटो आहेत, सगळे फोकसमध्ये आहेत आणि एकाही फोटोत तो ओठ डावीकडं गेलेला नाही. माझ्या तोफेपुढं तीही आईचीच लेक होती.

पंधरा दिवसांनी नांदेडहून दोन प्रिंट काढल्या आणि एक घेऊन जळकोटला गेलो. नागसेननं फोटो हातात घेतला आणि त्याचं तोंड पडलं.

"दाजी, एवढा मोठा कॅमेरा, आन् फोटो असला? हे नळकांडं काय, उष्टं काय. पाव्हण्यांला काय दावू मी?"

"लातूरवाल्यांचे दाव. क्रेनवरचे दाव."

"क्रेनवरचे अजून आले न्हाईत," तो म्हणाला.

मामींनी फोटो मागून घेतला. आधी डोळ्यांजवळ धरला, मग हात लांब करून धरला.

"हे कागदाला चालंल का?"

"न्हाई मामी. रद्द हुईल."

"हू द्या." त्यांनी पदरानं फोटो पुसला. "रेनूला दावला का?"

"तिच्या फोटोपुढं ठिवलाय."

"काय म्हनली?"

"एवढा उशीर का, म्हणली."

"म्हननारच," मामी म्हणाल्या. मग लुगडं सारखं करत म्हणाल्या, "बरं, आनि एक काढा."

मी खिशातून वडी काढली. मामींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली, डोळे मोठे केले आणि श्वास रोखला. ह्या कॅमेऱ्यालाही आवाज नाही, हे मला तेव्हा आठवलं.

मग मी तोंडानंच "खट्" केलं.